देहधर्म व कारखाना-शिस्त

देहधर्म व कारखाना-शिस्त : मलमूत्रविसर्जन, ऋतुकालातील स्वच्छता यांसारख्या अटळ शारीरिक गरजांसाठी कामगाराने कामाची जागा सोडण्यावर मालकाकडून घातले जाणारे निर्बंध, त्यांच्या पद्धती आणि त्यांविषयी झालेले कायदे व संघर्ष यांचा विचार येथे केला आहे. हे निर्बंध स्थूलमानाने तीन प्रकारचे आढळतात. पहिला प्रकार वेळेचा : वरिष्ठाची परवानगी घेणे, मोजके बिल्ले ठेवून तेवढ्याच माणसांना एका वेळी बाहेर सोडणे, मिनिटे मोजणे, ठरलेल्या वेळेहून अधिक वेळ लागल्यास मजुरी कापणे किंवा शिस्तभंगाची कारवाई करणे. दुसरा प्रकार जागेचा : शौचालय मुळात नसणे, ते फार दूर, कुलूपबंद किंवा वापरता न येण्याइतके अस्वच्छ असणे. तिसरा प्रकार मजुरीच्या पद्धतीतून निर्माण होतो. मजुरी नगावर किंवा टनावर असली, की जागा सोडणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करणे ठरते आणि मग कोणी अडवले नाही तरी कामगार स्वतःलाच अडवतो. कारखानाविषयक कायद्यांनी दीर्घकाळ यांपैकी दुसऱ्या प्रकाराकडेच लक्ष दिले. शौचकूप किती असावेत हे ठरले. तेथपर्यंत जाण्याची मोकळीक कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न मात्र मुकादम आणि कामगार यांच्यातच राहिला. या विषयाचा इतिहास बव्हंशी या उणिवेचा इतिहास आहे.

शेतकरी आणि घरी माग चालवणारा विणकर यांचे काम कष्टाचे असले, तरी त्यांच्या कामाला घड्याळाचे बंधन नव्हते. काम केव्हा थांबवावे हे काम करणाराच ठरवी. मजूर एका छपराखाली आणि एका घड्याळाखाली आले, तेव्हा हे चित्र बदलले. ईशान्य इंग्लंडमध्ये अँब्रोझ क्राउली याच्या लोखंडी कारखान्यासाठी १७०० च्या सुमारास जी नियमावली तयार झाली, तीत मजुराचा वेळ मिनिटांपर्यंत टिपणारा देखरेखनीस नेमला होता. खाणेपिणे, धूम्रपान, गप्पा, भांडणे, वृत्तपत्रवाचन अशा सर्व गोष्टींत गेलेला वेळ कामाच्या वेळातून वजा करावयाचा असे. पुढे लँकाशरच्या कापड गिरण्यांत दंडांच्या लांबलचक याद्या भिंतींवर लागल्या. खिडकी उघडी ठेवणे, शीळ घालणे, कामाच्या वेळी हातपाय धुणे या गोष्टींनाही त्यांत दंड होता. कामाच्या वेळेतील देहधर्म हा मजुराचा स्वतःचा वेळ, की मालकाने विकत घेतलेला, हा प्रश्न या याद्यांतूनच प्रथम उभा राहिला. दंडाच्या या मनमानीला ब्रिटनमध्ये १८९६ च्या ट्रक अधिनियमाने काही आळा घातला.

शौचालयांचा प्रश्न ब्रिटिश कायद्यात सार्वजनिक आरोग्याच्या मार्गाने आला. पटकी आणि विषमज्वर यांच्या साथींनी औद्योगिक शहरे हैराण झाल्यावर सांडपाणी व मैला यांची व्यवस्था हा नगरपालिकांचा विषय बनला आणि कारखान्यांतील शौचालये त्याच ओघात आली. स्त्री कामगारांची अडचण यातून सुटली नव्हती. अनेक कार्यशाळांत पुरुष व स्त्रिया यांसाठी एकच शौचालय असे, किंवा त्याचे दार थेट पुरुष देखरेखदाराच्या नजरेसमोर असे. अशा ठिकाणी स्त्रिया दिवसभर तेथे जाण्याचेच टाळत, आणि पुरुष निरीक्षकापाशी याची वाच्यता करणे त्यांना अवघड जाई. १८९३ मध्ये मे एब्राहम व मेरी पॅटर्सन या पहिल्या स्त्री कारखाना-निरीक्षक नेमल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे व त्यांच्या सहकाऱ्यांकडे येणाऱ्या तक्रारींत हा विषय वारंवार येऊ लागला. १९०१ च्या कारखाना व कार्यशाळा अधिनियमाने पुरेशी, योग्य आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये बंधनकारक केली. १९०३ च्या आदेशाने प्रमाणही ठरवून दिले : दर २५ स्त्रियांमागे एक, आणि पहिल्या १०० पुरुषांपर्यंत दर २५ पुरुषांमागे एक. हे २५ चे प्रमाण पुढे भारतासह अनेक देशांच्या नियमांत उतरले.

मुंबईच्या गिरण्या : मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. आरंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा असे आणि त्यात सर्वांसाठी एकत्र अशी विश्रांतीची सुट्टी नसे. यंत्रे चालू असतानाच कामगार आळीपाळीने भाकरी खाऊन घेत. खाणे, पाणी पिणे, विडी ओढणे, शौचास जाणे या सर्वांसाठी जो काय वेळ मिळे, तो जॉबरच्या मर्जीने. जॉबर हा कामगाराची भरती करी, त्याला रजा देई, काढूनही टाकी. खात्याबाहेर पाऊल टाकण्याची अनुमती ही त्याच्या सत्तेचीच एक बारीक शाखा होती. स्त्रिया प्रामुख्याने ज्या खात्यांत असत, तेथे हीच सत्ता नायकिणीकडे असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाला सादर झाले. आठवड्याची सुट्टी, कामाचे तास सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, वेळेवर पगार, अपघातात भरपाई या मागण्यांबरोबर दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी त्यात होती. ही शेवटची मागणी आज किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तिचा अर्थ मात्र असा होता, की दिवसातील निदान अर्धा तास तरी कोणाच्याही परवानगीवाचून कामगाराचा स्वतःचा असावा. १८९१ च्या कारखाना अधिनियमाने दुपारी १२ ते २ या वेळात निदान अर्धा तास काम थांबविणे आवश्यक ठरविले. तथापि प्रौढ पुरुषांच्या एकूण तासांवर मर्यादा आली नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. काही गिरण्यांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला व त्याविरुद्ध कामगारांत असंतोष उसळला.

या असंतोषातून नेमल्या गेलेल्या चौकशांत, विशेषतः मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील १९०७–०८ च्या कारखाना कामगार आयोगासमोर, खात्याबाहेरच्या वेळेचा प्रश्न उघडपणे चर्चेला आला. गिरणीच्या आवारात कामाच्या वेळी कामगार विडी ओढताना, स्नान करताना, कपडे धुताना, न्हाव्याकडून दाढी करून घेताना, झोपलेले आढळतात, असे वर्णन त्या काळी वारंवार केले जाई. यावरून मालकवर्ग असा युक्तिवाद करी, की हिंदी मजूर पंधरा तास गिरणीत असतो, पण पंधरा तास काम करीत नाही. तेव्हा तासांवर मर्यादा घालण्याचे कारण नाही. मजूर बाहेर राहतो म्हणून तास वाढवावे लागतात, की तास वाढल्यामुळे त्याला बाहेर राहावे लागते, हा कळीचा मुद्दा होता. आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास प्रतिकूल मत दिले. डॉ. टी. एम. नायर या वैद्यकव्यवसायी सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली व थेट मर्यादेचा आग्रह धरला. पंधरा तास यंत्रापाशी सलग राहणे शरीराला शक्य नसते आणि जेथे कायदा विश्रांती देत नाही तेथे शरीर ती चोरून घेते, ही गोष्ट डॉ. नायर यांच्या बाजूला अधिक बळ देणारी आहे. १९११ च्या अधिनियमाने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुरेशी व योग्य शौचालये पुरविण्याचे कर्तव्यही त्यात कारखान्यांवर टाकण्यात आले. त्यानंतर १९२२ मध्ये दिवसाला ११ तास व १९३४ मध्ये १० तास अशी उतरती मर्यादा आली.

तास कमी झाले तसा खात्याबाहेरचा वेळ मालकांच्या डोळ्यांवर अधिक येऊ लागला, हे ओघानेच आले. गिरणीत खात्याबाहेर जाणे ही एकट्याची गोष्ट नव्हती. साचे चालूच असत. बाहेर गेलेल्याचे तुटलेले धागे सांधणे, कांडी बदलणे हे काम शेजारचा साचेवाला करी आणि परतल्यावर पहिला त्याची फेड करी. गिरण्या काही जादा माणसेही बाळगीत. दोन साच्यांवर काम करणाऱ्यांत ही अलिखित देवाणघेवाण चालू शकत होती. १९२८ च्या आरंभी ससून समूहाच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमता योजना’ आली. विणकराने दोनऐवजी तीन साचे व कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात आणि माणसे कमी व्हावीत, असे तिचे स्वरूप होते. तीन साचे सांभाळणाऱ्याला शेजाऱ्याचे आणखी तीन काही मिनिटेसुद्धा सांभाळणे कठीण. देहधर्मासाठी जाण्याची मोकळीक कोणी काढून घेतल्याचे जाहीर न करताही ती अशा रीतीने आक्रसत होती. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला, सुमारे दीड लाख कामगारांचा संप मजुरी, कामाचा बोजा आणि बेकारी यांवर झाला. वरील प्रश्न त्याच्या मागण्यांत ठळक नव्हता, पण कामाच्या बोजाच्या पोटात तो होता. संपानंतरच्या फॉसेट समितीसमोर गिरणीमालकांचे स्थायी आदेशही विचारार्थ होते. कामगाराने केव्हा, कोठे असावे हे प्रथमच लेखी नियमांनी ठरू लागले. त्यापूर्वीची जॉबरची मर्जी लहरी होती, पण ती सांभाळता येत असे. लेखी नियम सर्वांना सारखा लागू होई. मात्र त्यात गरोदर बाईला, वृद्धाला किंवा आजाऱ्याला वेगळे स्थान नव्हते.

स्त्रियांची स्थिती आणखी अवघड होती. १९२०–३० या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. त्यांतील बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत नगावरच्या मजुरीने काम करीत. त्यांना अडविण्याची गरजच नव्हती. बाहेर गेलेला वेळ त्यांच्या हिशेबातून आपोआप वजा होत असे.

कायद्याची मांडणी : १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाची रक्कम मजुरीच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापर्यंत मर्यादित केली, हे या अधिनियमाचे मोठे काम होय. तथापि कामाच्या जागेवरील गैरहजेरीबद्दल त्या प्रमाणात मजुरी कापण्याची मुभा त्याने मालकाला दिली. १९४६ च्या स्थायी आदेश अधिनियमाखाली तयार झालेल्या आदेशांत परवानगीवाचून कामाची जागा सोडणे हे अनेक ठिकाणी गैरवर्तन म्हणून नमूद झाले. दुसऱ्या बाजूला १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे १९ वे कलम होते. पुरेशी शौचालये व मुताऱ्या सोयीच्या जागी असाव्यात, स्त्री-पुरुषांसाठी त्या स्वतंत्र व बंदिस्त असाव्यात, त्यांत उजेड व हवा असावी आणि कामगार कारखान्यात असताना त्याला तेथे सर्व वेळी जाता यावे, अशी त्याची भाषा होती. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी भिंतींना ९० सेंमी. उंचीपर्यंत चकचकीत फरश्या लावण्याइतका तपशील त्यात होता. घटक राज्यांच्या नियमांनी दर २५ स्त्रियांमागे एक शौचकूप हे जुने ब्रिटिश प्रमाण कायम ठेवले.

या कलमातील ‘सर्व वेळी’ हे शब्द महत्त्वाचे होते. ते अक्षरशः घेतले, तर परवानगीची कोणतीही पद्धत त्यांच्याशी विसंगत ठरू शकली असती. प्रत्यक्षात मात्र त्यांचा अर्थ वास्तूपुरता घेतला गेला : दाराला कुलूप नसावे, एवढाच. निरीक्षकाच्या तपासणीत शौचकूप मोजता येतात, भिंतींना चुना लावल्याची तारीख पाहता येते; नाकारलेल्या परवानगीची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. त्यामुळे एकाच कारखान्यात १९ व्या कलमाचे पालन आणि स्थायी आदेशाखालील शिक्षा या दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदाने नांदू शकल्या.

सरकता पट्टा आणि अमेरिका : कामाचा वेग माणसाऐवजी यंत्राने ठरविण्याची पद्धत अमेरिकेत पूर्णत्वास गेली, आणि या प्रश्नाचे आधुनिक रूपही तेथेच स्पष्ट झाले. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या. नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. चोरीस आळा बसावा व कामगारांनी मधूनच बाहेर जाऊ नये, यासाठी अशी दारे बंद ठेवण्याची त्या काळच्या कारखान्यांत रीत होती. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड याच्या हायलंड पार्क कारखान्यात मोटारींच्या जोडणीसाठी सरकता पट्टा सुरू झाला. पट्टा एकासाठी थांबत नाही. एकाने जागा सोडली की पुढच्या सर्वांचे काम अडते. जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांची होती व हात धुणे वगैरे त्यातच उरकावे लागे. यातून ‘रिलीफ मॅन’ नावाचा नवा कामगार उदयास आला : जाणाऱ्याच्या जागी काही मिनिटे उभा राहणारा बदली माणूस. पट्ट्यावरील कामगाराने केव्हा जावयाचे हे त्याच्या शरीराने नव्हे, तर या बदली माणसाच्या फेरीने ठरू लागले. संयुक्त मोटार कामगार संघटनेने पुढे मालकांशी केलेल्या करारांत अशा सुटकेच्या मिनिटांबाबत घासाघीस होत राहिली, आणि मुंबईच्या साचेवाल्यांची शेजारधर्माची रीत तेथे कराराचे कलम बनली. चार्ली चॅप्लिनच्या मॉडर्न टाइम्स (१९३६) या चित्रपटात पट्ट्यावरचा कामगार प्रसाधनगृहात सिगारेट ओढू लागतो, तोच भिंतीवरच्या पडद्यावर मालकाचा चेहरा प्रकट होऊन त्याला कामावर पिटाळतो. तो प्रसंग तेव्हा अतिशयोक्ती म्हणून हास्यास्पद होता.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य अधिनियमाखालील (१९७०) नियमांनीही शौचालयांची संख्याच सांगितली होती. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथील नॅबिस्को कंपनीच्या कारखान्यातील स्त्री कामगारांनी १९९५ मध्ये न्यायालयात दावा लावला. शौचास जाऊ दिले जात नसल्यामुळे काहींना लंगोटासारखी वस्त्रे वापरावी लागली आणि मूत्रमार्गाचे विकार जडले, अशी त्यांची तक्रार होती. पुढील वर्षी तो दावा तडजोडीने मिटला. कायद्याचे प्राध्यापक मार्क लिंडर व स्त्रीरोगतज्ञ इंग्रिड नायगार्ड यांचा या विषयावरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शौचालय पुरविणे म्हणजे त्याचा वापर करू देणे नव्हे, ही कायद्यातील फट त्यांनी पुढे मांडली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संघीय सुरक्षा यंत्रणेने परिपत्रक काढून स्पष्ट केले, की शौचालये असणे पुरेसे नाही. गरज पडेल तेव्हा कामगारांना ती वापरता आली पाहिजेत व मालकाने त्यांच्या वापरावर अवाजवी निर्बंध घालू नयेत. ‘अवाजवी’ म्हणजे काय, हे प्रकरणागणिक ठरणार होते. केंटकीतील क्लेरमाँट येथील जिम बीम मद्यनिर्मिती कारखान्यात ठरलेल्या विश्रांतीखेरीज जाणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करणारा नियम २००२ मध्ये राज्य शासनाच्या हस्तक्षेपानंतर मागे घेण्यात आला. कुक्कुटमांस उद्योगात मात्र, ऑक्सफॅम अमेरिका या संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, पट्ट्याच्या वेगामुळे कामगारांना परवानगीसाठी ताटकळावे लागत होते.

पट्ट्याची जागा पुढे संगणकाने घेतली. गोदामातील प्रत्येक हालचाल नोंदली जाऊ लागली, आणि काम न झालेला प्रत्येक मिनिट आपोआप हिशेबात दिसू लागला. चालकांना बाटल्यांत लघवी करावी लागते, हा आरोप ॲमेझॉन कंपनीने मार्च २०२१ मध्ये जाहीरपणे फेटाळला आणि थोड्याच दिवसांत, २ एप्रिल रोजी, चालकांपुरता तो खरा असल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने गोदामांसाठी कायदा केला : शौचालयाचा वापर करणे अशक्य होईल असे कामाचे लक्ष्य कामगारावर लादता येणार नाही. तो १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आला. शौचकूपांच्या संख्येऐवजी कामाच्या वेगाला हात घालणारा हा कायदा या क्षेत्रात वेगळा उठून दिसतो. याच सुमारास, २०१९ मध्ये, एका ब्रिटिश कंपनीने १३ अंश पुढे कललेली बैठक असलेले शौचपात्र पुढे आणले. त्यावर फार वेळ बसणे त्रासदायक व्हावे आणि कामाचे तास वाचावेत, हा त्यामागील उघड हेतू होता.

आरोग्यावरील परिणाम : प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलि. मूत्र मावते, १५० ते २०० मिलि. जमले की पहिली जाणीव होते. ही जाणीव काही वेळ दडपता येते, पण वारंवार दडपल्यास मूत्राशय ताणला जाणे, तो पूर्ण रिकामा न होणे व जंतुसंसर्ग या तक्रारींचा संभव वाढतो. स्त्रियांत मूत्रमार्ग आखूड असल्याने संसर्ग अधिक आढळतो. मलावरोध व मूळव्याध यांचाही अशा सवयीशी संबंध असतो. गरोदर स्त्रिया, मधुमेही, रक्तदाबासाठी मूत्रल औषधे घेणारे व पुरःस्थ ग्रंथी वाढलेले वयस्क पुरुष यांची गरज इतरांहून अधिक वेळा असते. ‘प्रत्येकी दोनदा’ असा समान नियम त्यांना समान राहत नाही. याहून घातक परिणाम अप्रत्यक्ष आहे. जाता येणार नाही हे ठाऊक असलेला कामगार पाणी पिणेच सोडतो. उष्ण प्रदेशात, भट्टीपाशी किंवा पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्याला यामुळे निर्जलीभवन व मूतखडा यांचा धोका संभवतो, आणि दुखणे उद्भवले तरी त्याचा कामाशी असलेला संबंध क्वचितच नोंदला जातो.

भारतातील अलीकडचे संघर्ष : संघटित कारखान्यांत हा प्रश्न कामाच्या वेगाबरोबर पुन्हा डोके वर काढतो. हरियाणातील मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ मध्ये झालेल्या संपांच्या वेळी, सुमारे साडेसात मिनिटांच्या चहाच्या सुट्टीतच शौचास जाऊन परत यावे लागते, ही कामगारांची एक मुख्य तक्रार होती. कारखाना अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या क्षेत्रांत तर सुट्टीआधी शौचालयासाठीच झगडावे लागले. केरळमधील कोळिकोड शहराच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दहा-बारा तास उभे राहावे लागे व अनेक दुकानांत त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसे. पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या कार्यकर्तीच्या नेतृत्वाखाली ‘पेण्‌कूट्ट’ ही संघटना २००९ च्या सुमारास उभी राहिली. तिने प्रथम स्वच्छतागृहाची व नंतर बसण्याच्या हक्काची मागणी लावून धरली. २०१८ मध्ये केरळने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. मुंबईत २०११ पासून अनेक संस्थांनी मिळून चालविलेल्या ‘राइट टू पी’ या मोहिमेने स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ सार्वजनिक मुताऱ्यांची मागणी केली. ज्यांचे कामाचे ठिकाण रस्ता हेच आहे, अशा फेरीवाल्या व कचरावेचक स्त्रियांच्या दृष्टीने ही कामाच्या अटींचीच मागणी होती.

महाराष्ट्रातील ऊसतोडणीत तिन्ही प्रकारचे निर्बंध एकत्र आढळतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी फेडावयाची असते आणि एक दिवस चुकला तर ‘खाड्या’चा दंड पडतो. फडात शौचालय नसते. पालावर पाणी पुरेसे नसते. ऋतुकालाचे दिवसही या हिशेबातून सुटत नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाजगी वैद्यकीय व्यवसाय, दारिद्र्य, लहान वयातील विवाह व बाळंतपणे अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. मात्र पाळी आणि काम यांचा मेळ बसू न देणारी कामाची रीत त्यांतून वगळता येत नाही.

सर्वांत जुने उदाहरण कदाचित रेल्वेचे असावे. मुंबई–ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पण एंजिनात चालकासाठी शौचालय बसवण्याचा आरंभ सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मे २०१६ मध्ये झाला. डब्यांतील प्रवाशांची सोय त्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी सुरू झाली होती. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ च्या सुमारास देशातील पहिल्या स्त्री सहायक चालक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा एंजिने अशा सोयीवाचूनच धावत होती. चालकांच्या संघटनांनी जेवण व देहधर्म यांसाठी ठरावीक वेळ असावा अशी मागणी केली. नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने ती व्यवहार्य नसल्याचा अभिप्राय दिला व रेल्वे मंडळाने तो २०२५ मध्ये स्वीकारला. येथे संख्या आणि मोकळीक यांतील जुना भेद पुन्हा दिसतो : एंजिनातील शौचालय गाडी थांबल्याखेरीज वापरता येत नाही, आणि मालगाडी किंवा जलदगाडी केव्हा थांबेल हे चालकाच्या हाती नसते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या अटी संहितेने (२०२०) घेतली आहे. पुरुष, स्त्री व तृतीयपंथी कामगारांसाठी स्वतंत्र व स्वच्छ शौचालये असावीत, असे ती सांगते, आणि तृतीयपंथीयांचा समावेश ही तिच्यातील नवी गोष्ट होय. शौचास जाऊ न देणे हा तिच्यात स्वतंत्र अपराध म्हणून नोंदलेला नाही.